जिन्याखालची सहा बाय सात

लक्ष्मी रोडवरून बुधवार पेठेत शिरणाऱ्या त्या अरुंद गल्लीत जाऊन खांबेटे बिल्डिंग कुठली असं विचारलं की उलट प्रश्न यायचा, "चष्मा की फॉल-पिको?" चष्मा आधी, कारण उत्तर देणारे बहुधा स्वतः आठल्ये चष्मेवालेच असत. गिऱ्हाईक नसलं की ते दुकानाच्या पायरीवर उभे राहून गल्लीची पाहणी करत. गिऱ्हाईक असलं तरी फारसा फरक पडत नसे.

बिल्डिंग काळ्या दगडाची, तीन मजली, माथ्यावर १९३६ हा आकडा कोरलेला. रावसाहेब खांबेट्यांनी ती ग्रामोफोन विकून बांधली, असं खांबेटे सांगत. सासऱ्याच्या पैशावर बांधली, असं बाकीची गल्ली सांगे. तळमजल्यावर एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं अशी सहा दुकानं, प्रत्येक आठ फूट रुंद नि तेरा फूट खोल, आणि मधोमध जिना. रावसाहेबांच्या तीन नंबरच्या दुकानात ग्रामोफोन गेले नि रेडिओ आले, रेडिओ गेले नि कॅसेटी आल्या, आता तिथे मोबाइलची कव्हरं लटकतात. वरच्या मजल्यांचं तर विचारूच नका. वकिलाच्या खोलीत ज्योतिषी आला, ज्योतिष्याच्या जागी ट्रॅव्हल कंपनी आली. परदेशी जायला कधी मिळेल हे विचारायला जिना चढणारी माणसं मात्र तीच राहिली.

मालकही बदलले. खांबेट्यांनी २००९ साली बिल्डिंग एका साडीवाल्या शेठजींना विकली. शेठजींनी बारा वर्षांत दोनच कामं केली. दारावर स्वतःच्या नावाची प्लास्टिकची अक्षरं लावली, आणि त्यातलं पहिलं अक्षर पडल्यावर ते परत लावलं नाही. मग आले मच्छिंद्रशेठ. हे खराडीच्या पलीकडच्या गावचे. त्यांच्या वडिलांच्या ज्वारीच्या रानात आता काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि त्यांत पोरं रात्रंदिवस अमेरिकेशी बोलत असतात. जमीन विकून गावातल्या इतरांनी मोठ्या गाड्या घेतल्या. मच्छिंद्रशेठनी गाडी घेतलीच, वर पेठेतली एक आख्खी बिल्डिंग घेतली. लहानपणी आईबरोबर मंडईत मेथीच्या जुड्या विकायला यायचे, तेव्हा इथल्या दुकानदारांनी पायरीवरून उठवलं होतं म्हणे. आता पायरीच त्यांची झाली.

एवढ्या उलथापालथीत जागची न हललेली एकच गोष्ट होती: जिन्याखालच्या ललिताबाई.

ललिताबाई इंगोले मूळच्या वाशीमकडच्या. नवरा भीमराव दुसऱ्या मजल्यावरच्या छापखान्यात मशीनवर होता. १९९७ साली तो काविळीने गेला, आणि वर्षभरात छापखानाही त्याच्या मागे गेला. पदरात चार वर्षांची रुपाली. तेव्हा मालकीणबाई होत्या रावसाहेबांच्या सूनबाई, सुशीलाबाई खांबेटे. त्यांनी जिन्याखाली साठलेले ग्रामोफोनचे पिचलेले कर्णे भंगारात घातले आणि म्हणाल्या, "बस इथे मशीन घेऊन. भाड्याबिड्याचं काढू नकोस, तू घरचीच."

सहा फूट बाय सात फूट. उभं राहायचं तर मान डावीकडे कलती ठेवावी लागे, कारण उजवीकडून जिना खाली उतरत आलेला. सत्तावीस वर्षांत ती मान तशीच झाली. ललिताबाई रस्त्यानेही थोड्या कलत्याच चालत; नवख्या माणसाला वाटे, ही बाई आपलं बोलणं किती मन लावून ऐकते! त्यामुळे त्यांना दुनियेची गुपितं कळत. लक्ष्मी रोडवर साडी घेतलेली बाई खांबेटे बिल्डिंगमध्ये फॉल लावायला येई आणि सासू, नणंद, जाऊ या क्रमाने सगळं ओतून मोकळी होऊन जाई.

घरच्या माणसाला पावती कोण देतं? ती कधी मिळाली नाही. कामं मात्र घरच्या माणसाला असतात तेवढी सगळी मिळाली. पुण्यातली दुकानं दुपारी एक ते चार झोपतात यावर बाहेरगावच्या लोकांनी पुष्कळ विनोद करून ठेवलेत, त्यात भर घालायला नको. पण सहा दुकानं झोपतात तेव्हा जागं कोण असतं, हे त्यातल्या कुणी विचारलं नाही. सहाही दुकानांच्या जादा किल्ल्या ललिताबाईंच्या मशीनच्या खणात. कुरियर त्यांनी घ्यायचं, पोस्टमनला सही त्यांनी द्यायची, दत्तोबाच्या पूजासाहित्याच्या दुकानात उंदीर शिरला की झाडू घेऊन त्यांनीच धावायचं. एकदा भरदुपारी बद्रीनाथ तोष्णीवालांच्या मॅचिंग सेंटरमधून धूर यायला लागला. ललिताबाईंनी कुलूप काढून मेन स्विच पाडला, पेटलेला अस्तराचा तागा ओढून गल्लीत आणला आणि पायाने तुडवून विझवला. चार वाजता बद्रीनाथ आले तेव्हा दुकान जसंच्या तसं. त्यांनी ललिताबाईंना पावशेर पेढे दिले, आणि ताग्याची जळकी कड कापून उरलेला तागा सेलमध्ये काढला.

आठल्यांशी तर खास घरोबा. त्यांच्या हृदयात स्प्रिंग बसवली तेव्हा दीड महिना ललिताबाई सकाळी त्यांचं दुकान उघडत, काचा पुसत, तयार चष्मे गिऱ्हाइकांच्या हाती देत. नंबर तेवढे काढले नाहीत. बरे होऊन आल्यावर आठल्ये गल्लीभर सांगत सुटले की या बाई नसत्या तर आपण संपलो होतो. ललिताबाईंनी ते सगळं मनात घडी घालून ठेवलं. माणसाला कुणी आपलं म्हटलं की तो हिशेब सोडतो.

मग २०२४ च्या उन्हाळ्यात बातमी फुटली: मच्छिंद्रशेठ बिल्डिंग पाडून सात मजली बांधणार. तळमजल्यावरच्या प्रत्येक भाडेकरूला नव्या बिल्डिंगमध्ये आहे तेवढी जागा परत मिळणार, अधिक बांधकाम होईपर्यंत मंडईजवळ तात्पुरता गाळा. गल्लीत एकच प्रश्न सुरू झाला, कुणाचं किती. आणि त्या प्रश्नात सहा बाय सात फुटांचं काय, हे ज्यांचं होतं त्यांना सोडून कुणाच्याच मनात येईना.

रुपालीच्या मात्र आलं. ती आता एकतीस वर्षांची, खराडीत एका कंपनीत सपोर्टला. येरवड्याच्या दोन खोल्यांत रोज संध्याकाळी तिची एकच टकळी. "आई, तुझ्याकडे लिटरली एक कागद नाहीये. ना ॲग्रीमेंट, ना लाइट बिल. तुझं लाइट कनेक्शनपण त्या आठल्येकाकांच्या मीटरवर आहे. ते लोक तुला कशाला विचारतील?" ललिताबाई पोळी उलटत म्हणाल्या, विचारायचं कशाला, आठल्येच बघतायत सगळं.

बघत होतेच. भाडेकरूंच्या वतीने बोलायला आठल्ये पुढे झाले होते. कुणी नेमलं नव्हतं, पण पुण्यात पुढे होणाऱ्याला कुणी नेमायची वाट पाहावी लागत नाही. त्यांनी ललिताबाईंना बाजूला घेऊन हळू आवाजात समजावलं होतं की आधी कागदवाल्यांचं सुरळीत होऊ द्या, तुमचं नाव मी सगळ्यांत शेवटी घालतो. आत्ताच मध्ये आलात तर मालक म्हणेल हे कोण नवीन, आणि सगळंच खोळंबेल. तोवर कुणी विचारलं तर काही बोलू नका. ललिताबाईंना ते पटलं. वाढताना घरचं माणूस शेवटीच बसतं.

मे महिन्यात दुपारी दीड वाजता आर्किटेक्टकडची मुलगी मापं घ्यायला आली. नाव संस्कृती. नोकरीला लागून दोन महिने झालेले, त्यामुळे पुण्यात दुपारी दीडला काय होतं हे तिला ऑफिसात कुणी सांगितलं नव्हतं. सहा दुकानांना सहा कुलपं, आणि जिन्याखाली एक बाई मशीन चालवतेय. पोरगी घामाने निथळत होती. ललिताबाईंनी तिला माठातलं पाणी दिलं आणि सहाही जणांना फोन लावले. पाच जण झोपेतून म्हणाले, तुम्हीच उघडा. आठल्ये उठलेच नाहीत. त्यांच्या घरून निरोप आला की तुम्हीच उघडा.

मग किल्ल्या निघाल्या. संस्कृतीकडे लाल किरणाचं यंत्र होतं, भिंतीला लावलं की आकडा दाखवणारं. ते आठल्यांच्या दुकानात सुरू केलं मात्र, चहूबाजूंचे आरसे नि काचा बघून यंत्र भांबावलं. एकदा तेरा फूट दाखवी, एकदा एकवीस. बद्रीनाथांकडे ताग्यांच्या थप्प्यांमुळे भिंतच सापडेना. पोरगी रडकुंडीला आली. आज मापं दिली नाहीत तर साहेब ठेवणार नाहीत, असं काहीसं ती पुटपुटली. ललिताबाईंनी गळ्यातली टेप काढली.

"तू लिही, मी सांगते," त्या म्हणाल्या.

आता शिवणारी बाई माप कसं घेते, हे ज्यांनी कपडे शिवून घेतलेत त्यांना सांगायला नको. अंगाला चिकटून माप घेतलं तर कपडा पहिल्या धुण्यात उसवतो. म्हणून प्रत्येक बाजूला दोन बोटं मार्जिन. ललिताबाईंची जीभ सत्तावीस वर्षांत मार्जिनशिवाय आकडा बोललेली नव्हती. दोन्ही टोकांना दोन-दोन इंच धरून त्या सांगत गेल्या: रुंदी आठ फूट चार इंच, खोली तेरा फूट चार इंच. पहिल्या दुकानात ते सवयीने झालं. दुसऱ्या दुकानात त्यांच्या ध्यानात आलं, कारण टेपेवर दिसतंय आठ नि आपण सांगतोय आठ-चार. मग त्यांना मनातल्या मनात हसू आलं. आलंय तर असू दे. आपलीच माणसं, पुढे पोरं-नातवंडं बसायची, घट्ट कशाला. उरलेल्या पाच दुकानांना त्यांनी जाणूनबुजून तेवढंच सोडलं. एकाला दिलं नि दुसऱ्याला नाही, असं त्यांच्या हातून झालं नसतं.

शेवटी संस्कृतीने जिन्याकडे बोट केलं. "आणि हे, काकू? इथे कोण?"

आठल्यांनी सांगितलं होतं, काही बोलू नका. ललिताबाई म्हणाल्या, "हे असू दे. मी घरचीच आहे."

संस्कृतीने लिहिलं: जिन्याखाली, मोकळी जागा. आणि पाणी पिऊन, थँक्यू काकू म्हणून ती गेली.

जूनमध्ये यादी आली, नुसत्या नावांची; मापाचा कागद ज्याचा त्याला वेगळ्या पाकिटात. सहाही दुकानदारांनी आपापला कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि आकड्यावर थबकले. एकशेचार चौरस फूट असायला हवे होते, लिहिले होते एकशेअकरा. प्रत्येकाला वाटलं, ही चूक आपल्या एकट्याच्याच वाट्याला आली. कुणी कुणाला बोललं नाही. आठल्यांनी फक्त यादी नीट घडी करून खिशात ठेवली, आणि त्या दिवशी गल्लीतल्या पोरांना पेरू वाटले. असला प्रकार आजवर कुणी पाहिला नव्हता. यादीत शेवटी ललिताबाईंचं नाव नव्हतं. त्यांनी विचारलं तर आठल्ये म्हणाले, हो हो, ही कच्ची आहे, पक्कीत घालू. पक्की आली. तिच्यातही नव्हतं. तिच्याखाली सहा सह्या मात्र होत्या, पहिली आठल्यांची.

मग ललिताबाई सुशीलाबाईंकडे गेल्या. वय चौऱ्याऐंशी, कोथरूडला पुतण्याच्या, शुभंकरच्या, फ्लॅटमध्ये असतात. बाईंनी जवळ बसवून घेतलं, गालावरून हात फिरवला, रुपालीच्या लग्नाचं विचारलं. ललिताबाईंनी एवढंच मागितलं, की १९९७ साली ही जागा मी हिला दिली असे दोन शब्द लिहून द्या. सुशीलाबाई पेन शोधायलाही लागल्या. तेवढ्यात शुभंकर आतून आला आणि गोड आवाजात म्हणाला की काकू, तसं देता येणार नाही. बिल्डिंग विकताना आपण लिहून दिलंय की भाडेकरूंशिवाय आवारात कुणीही बसत नाही, जिन्याखालची जागा रिकामी आहे.

ललिताबाई सुशीलाबाईंकडे बघत राहिल्या. २००९ साली. म्हणजे पंधरा वर्षं त्या ज्या जागेत बसून साड्यांना फॉल लावत होत्या, ती कागदावर रिकामी होती. त्या आठवड्यात तर सुशीलाबाईंनी स्वतःच्या पैठणीला त्यांच्याकडूनच फॉल लावून घेतला होता, विक्रीच्या सह्यांना नेसून जायला.

"अगं, तुला भाडेकरू कसं लिहायचं?" सुशीलाबाई म्हणाल्या. "तू घरची होतीस." आणि चहा घेऊन जा असा आग्रह केला. ललिताबाईंनी तो घेतला. घरच्या माणसाने नाही कसं म्हणायचं?

शेवटी रुपालीच्या धाकाने त्यांनी मच्छिंद्रशेठनाच गाठलं. आणि इथे गल्लीच्या सगळ्या अंदाजांचं खोबरं झालं. ज्याला राक्षस ठरवून ठेवलं होतं, तो माणूस सरळ म्हणाला की आवो ताई, मला काय अडचन हाय? तळमजल्यावर सहा गाळे, जिना, लिफ्ट, मीटरची खोली, बस्स. नकाशात एक फूटबी शिल्लक न्हाई. पन साही जनांनी सात-सात चौरस फूट सोडले तर तुमची जागा निघती. त्यास्नी कबूल असंल तर मी आजच सही करतो. येत्या सोमवारी बोलावतो सगळ्यास्नी.

सहा सत्ते बेचाळीस. ललिताबाईंना रात्रभर त्या आकड्याने झोप लागली नाही, आणि ती आनंदाने. आपण सोडलेलं मार्जिनच नेमकं आपल्या जागेएवढं! कुणाच्या खऱ्या जागेतला इंचही कमी व्हायचा नव्हता. नुसतं आपलंच आपल्याला परत मिळायचं होतं.

सोमवारी बाजार बंद. सकाळी अकराला आठल्यांच्या दुकानात सगळे जमले. मच्छिंद्रशेठ नंबर तपासायच्या खुर्चीत बसले, समोर अक्षरांचा तक्ता. संस्कृती नकाशा मांडीवर घेऊन स्टुलावर. ललिताबाई दाराशी उभ्या. तिथे वर जिना नव्हता, तरी मान कलतीच.

मच्छिंद्रशेठनी विषय काढला. पहिले दत्तोबा म्हणाले की त्यांचं दुकान देवाच्या सामानाचं, सात फूट गेले तर देव्हारे कुठे मांडू. माझं काही नाही, देवांची गैरसोय होईल. बद्रीनाथ म्हणाले, माझी व्यक्तिशः काहीच हरकत नाही, पण दुकान आता मुलाच्या नावावर आहे. मुलगा शेजारीच बसला होता, साईनाथ. तो मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, पप्पांना विचारा. उरलेल्या तिघांनी आठल्यांकडे पाहिलं.

"आठल्येकाका, तुमी बोला," मच्छिंद्रशेठ म्हणाले. "ही बाई हितं किती सालापासून हाय?"

आठल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आहेत, म्हणजे दिसतात. आम्ही येतो तेव्हा असतात, जातो तेव्हा असतात. पण त्या कुणाच्या परवानगीने बसतात, ते आम्ही कधी विचारलं नाही. दुसऱ्याच्या भानगडीत पडायची आमची पद्धत नाही."

गल्लीतल्या कुठल्या घरी कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, हे ज्या माणसाला तोंडपाठ, तो हे म्हणाला. आणि पाच माना हलल्या.

ललिताबाईंना आधी वाटलं, यांना समजलेलंच नाही. म्हणून त्यांनी समजावून सांगितलं. टेप, दोन बोटं मार्जिन, आठ-चार आणि तेरा-चार, सगळं. तुमचं काही कमी होत नाही, ते जास्तीचं मीच तेवढं सोडलं होतं. संस्कृती नकाशाकडे बघत बसली. दुकानदारांना पहिल्यांदा कळलं की ते एकशेअकरा सगळ्यांच्याच वाट्याला आलेत. क्षणभर त्यांनी एकमेकांकडे चोरासारखं पाहिलं.

"म्हणजे तुम्ही खोटी मापं दिलीत," आठल्ये म्हणाले.

ललिताबाईंच्या तोंडी वाशीम आलं. सत्तावीस वर्षांत गल्लीने ते ऐकलं नव्हतं. "खोटी नाही जी. सैल दिली. तुम्हाले घट्ट होऊ नये म्हून."

"ललिताबाई, त्या मापांखाली आमच्या सह्या आहेत. ती चुकीची आहेत असं तुमचं म्हणणं असेल, तर तसं लेखी द्या. मग आमच्या माघारी आमची दुकानं कुणी उघडली, मापं कुणी घेतली, आणि या मुलीने ती न तपासता कशी लिहिली, हे सगळंच निघेल. हिची नोकरी राहते का जाते, देव जाणे. द्या लेखी. आमची काही हरकत नाही."

तक्त्यावरचं सगळ्यांत मोठं अक्षर तेवढं सगळ्यांकडे बघत होतं. ललिताबाईंनी सहाही जणांचे चेहरे एकेक करून पाहिले. दत्तोबांनी खिशातून तपकिरीची डबी काढली. बद्रीनाथांनी मुलाच्या मोबाइलमध्ये डोकावलं. शेवटी त्यांनी संस्कृतीकडे पाहिलं. पोरगी मान खाली घालून काहीतरी चुकलेलं शोधत असल्यासारखी नकाशाच्या रेघांवरून बोट फिरवत होती.

"नाही देत," ललिताबाई म्हणाल्या. "मापं बरोबर आहेत."

बैठक संपली. आठल्यांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला होता, तो आला. मच्छिंद्रशेठ न घेताच उठले. बाहेर येऊन त्यांनी ललिताबाईंना म्हटलं की हे पेठेतले लोक लई शिकलेले, आपल्याला न्हाई जमायचं. आन तुमी आमच्या खराडीच्या बिल्डिंगमधी या, पार्किंगमधी जागा देतो, आगदी घरच्यावानी ऱ्हावा.

ललिताबाईंनी हात जोडले. "जागा नको, शेठ. आणि घरच्यासारखं तर अजिबात नको."

ऑगस्टमध्ये बिल्डिंग रिकामी झाली. सहा जण मंडईजवळच्या गाळ्यांत गेले. ललिताबाईंचं मशीन एका छोट्या टेम्पोत बसलं. उचलायला आठल्यांनी आपला नोकर पाठवला होता, तो त्यांनी परत पाठवला. येरवड्यात पुढच्या खोलीत मशीन मांडलं. रुपालीने दारावर पाटी लावली, भाव लिहिले, आणि वर आईचं पूर्ण नाव. ललिताबाई म्हणाल्या, एवढं मोठं कशाला. रुपाली म्हणाली, राहू दे. पहिले दोन महिने हात चालेना. दुपारी कुणाची तरी हाक येईल म्हणून त्या मशीन थांबवून ऐकत, मग आपल्याच मूर्खपणावर चिडून जोरात पायडल मारत. शेजारणी म्हणायच्या, तुम्ही त्या लोकांना शिव्या तरी द्या, मोकळं वाटेल. त्या म्हणत, शिव्या द्यायला माणूस ओळखीचं लागतं.

डिसेंबरात आठल्ये आले. रिक्षाने, दोन पिशव्या सांभाळत. मुलीचं लग्न ठरलेलं, अकरा साड्या, आणि मंडईजवळच्या बाईने पहिल्याच साडीचा फॉल उलटा लावला होता. गल्लीत तेवढ्यावरून बरीच करमणूक झाली, ती निराळी. खोलीत तीन-चार बायका बसल्या होत्या. आठल्ये दारातूनच मोकळ्या आवाजात म्हणाले की काय ललिताबाई, विसरलात की काय आम्हाला, घरचं कार्य आहे, तुमच्याशिवाय कोण करणार.

ललिताबाईंनी मशीन थांबवलं. साड्या एकेक उलगडून पाहिल्या, किनार चाचपली, रंग दिव्याकडे धरून बघितला. काम नेहमीसारखंच करणार होत्या. साडीने काय केलं होतं? मग चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे ओढला, पेन उघडलं.

"नाव?"

आठल्ये हसले. मग हसायचे थांबले. "अहो, मी आठल्ये."

"पूर्ण सांगा."

बायका बघत होत्या. "चंद्रशेखर," ते म्हणाले. "चंद्रशेखर विष्णू आठल्ये."

त्यांनी लिहून घेतलं, फोन नंबर विचारला, तोही लिहिला. अकरा साड्या, बुधवारी या, म्हणाल्या. चिठ्ठी फाडून हातात दिली, आणि मागे उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलीकडे मान वळवली.

"हं, तुझं काय गं?"